‘स्कॅनचं एक बटण टाका की’ : त्या बटणामागचा पसारा

कोल्हापुरातल्या बऱ्याच पतसंस्था, गुळाच्या अडती, दवाखाने आणि उद्यमनगरातली वर्कशॉप आजही गावातल्याच एखाद्या प्रोग्रॅमरनं लिहून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतात. सभासद नंबर टाकला की कर्ज, हप्ता, थकबाकी, जामीनदार सगळं समोर येतं. कागद मात्र कपाटात असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरलं, आणि तळमजल्यावरच्या कपाटांचं काय होतं ते सगळ्यांना कळलं. तेव्हापासून मॅनेजर मंडळींची एक मागणी हमखास असते : “साहेब, आहे त्याच सॉफ्टवेअरात स्कॅनचं एक बटण टाकून द्या की. सभासदाच्या खात्यातच कागद दिसला पाहिजे.”

मागणी रास्त आहे. बटण टाकायला पाच मिनिटं लागतात, हेही खरं. पण ते बटण दाबल्यावर पडद्याआड काय काय घडतं ते मागणाऱ्याला आणि करून देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलं, तर पुढची भांडणं टळतात. हा लेख त्या दोघांसाठी आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. स्कॅनर कागदावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड बारीक संवेदकांच्या एका ओळीनं मोजतो. ओळ पुढं सरकते किंवा कागद पुढं सरकतो, आणि अशा ओळी रचत रचत चित्र तयार होतं. एका इंचात किती ठिपके मोजले हे सांगणारा आकडा म्हणजे डीपीआय. ३०० डीपीआयला ए-फोर कागद साधारण २४८० रुंद आणि ३५०८ उंच ठिपक्यांचा होतो, म्हणजे सत्त्याऐंशी लाख ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाईट. गुणाकार केला की एका पानाचे २६ एमबी होतात. करड्या छटांत तेच पान ८.७ एमबी, आणि नुसतं काळं-पांढरं घेतलं तर जेमतेम १ एमबी. हे सगळे आकडे आकुंचनाआधीचे, म्हणजे फाईल दाबून लहान करण्याआधीचे.

हा २६ चा आकडा लक्षात ठेवा, कारण पहिली मोठी अडचण त्यातूनच येते. कर्ज प्रकरणाची पन्नास पानांची फाईल फीडरमध्ये (एकेक पान आपोआप ओढणाऱ्या ट्रेमध्ये) ठेवली आणि सॉफ्टवेअर सगळी पानं मेमरीत गोळा करत बसलं, तर १३०० एमबी तिथंच खर्ची पडतात. जुन्या ३२-बिट घडणीच्या (नवी घडण ६४-बिट) सॉफ्टवेअरला विंडोज साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरू देतं, त्यात सॉफ्टवेअरचा बाकीचा संसारही असतो. मग चाळिसाव्या पानाच्या आसपास सगळं कोसळतं आणि दोष स्कॅनरवर जातो. उपाय साधा आहे. पान आलं की लगेच आकुंचित करून डिस्कवर लिहायचं, मेमरी मोकळी करायची, मग पुढचं पान मागायचं. पडद्यावर दाखवायला छोटी प्रतिमा पुरते.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या सॉफ्टवेअरनं स्कॅनरशी बोलायचं कसं? प्रत्येक कंपनीचा स्कॅनर आतून वेगळा असतो, आणि त्या प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहायला कोण बसणार? म्हणून १९९२ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन ट्वेन नावाचं मानक आणलं. ते आजही विंडोजवर सर्वात जास्त चालतं. त्याची रचना शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यासारखी आहे. शेतकरी आपल्या रव्यांची (गुळाच्या ढेपांची) किंमत थेट व्यापाऱ्याशी ठरवत नाही, मधे अडत्या असतो. दोघांच्याही ओळखीचा तोच, व्यवहार पुढं सरकतो तो त्याच्याच हातून. ट्वेनमध्ये एका टोकाला तुमचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या टोकाला स्कॅनर कंपनीनं दिलेला, ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर (ट्वेनच्या भाषेत ‘सोर्स’), आणि मधे ‘सोर्स मॅनेजर’ नावाची एक लहानशी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) असते. तुम्ही मॅनेजरला विचारता, कोणकोणते स्कॅनर आहेत? तो यादी देतो. तुम्ही एक निवडता. तिथून पुढचं सगळं बोलणं मॅनेजरच्या मार्फत.

दुसरा रस्ता मायक्रोसॉफ्टचा, डब्ल्यूआयए. हा विंडोज मिलेनियम आणि एक्सपीच्या काळात आला आणि व्हिस्टात त्याची दुसरी आवृत्ती आली. तो विंडोजमध्येच असतो, आणि चार-सहा ओळींत स्कॅनची खिडकी उघडून चित्र हातात देतो. काचेवर कागद ठेवायचा घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर, आधार कार्डाची एक प्रत, सभासदाचा फोटो एवढंच काम असेल तर डब्ल्यूआयए पुरतं. त्याच्यासाठी ट्वेनचा घाट घालू नये असं माझं मत आहे. पण रोज शेकडो पानं, दोन्ही बाजू, दुहेरी पान ओढलं गेल्याची सूचना, असल्या गोष्टी लागल्या की डब्ल्यूआयए तोकडं पडतं. बँकांच्या मोठ्या स्कॅनिंग विभागांत आयसिस नावाचं तिसरं मानकही भेटतं, त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. लिनक्सवर सेन आहे. मॅकवर अॅपलची स्वतःची व्यवस्था आहे. नेटवर्कवरच्या नव्या मशीनमध्ये ईएससीएल नावाची पद्धत असते, तीत वेगळा ड्रायव्हरच लागत नाही, साध्या वेब-विनंतीवर पान मिळतं. पुढं जग तिकडं जाईल असं दिसतं. पण आज शाहूपुरीतल्या पतसंस्थेच्या टेबलावर जे मशीन आहे ते बहुधा यूएसबीचं आणि ट्वेनचं असतं, म्हणून मी तिथंच रेंगाळणार आहे.

एक गंमत आधीच सांगतो, कारण तिच्यामुळं फोन फार येतात. यादीत एकच स्कॅनर दोनदा दिसतो. एकदा स्वतःच्या नावानं, आणि एकदा नावाआधी ‘डब्ल्यूआयए’ ही अक्षरं लावून. दुसरा म्हणजे विंडोजनं मधे घातलेला पूल आहे, ट्वेन बोलणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरलाही डब्ल्यूआयए स्कॅनर वापरता यावा म्हणून. पुलावरून गेलं की काम होतं, पण स्कॅनरच्या खास सोयी पुष्कळदा अलीकडंच राहतात. कंपनीचा अस्सल ट्वेन ड्रायव्हर असेल तर तोच निवडावा, आणि कारकुनापुढं दोन नावं ठेवूच नयेत.

बत्तीस आणि चौसष्ट

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड ही आहे. ट्वेनचा ड्रायव्हर स्वतंत्र चालत नाही. तो तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून चालतो. आणि विंडोजचा नियम असा की ६४-बिट प्रोग्रॅममध्ये ३२-बिट लायब्ररी शिरू शकत नाही, उलटही नाही. कित्येक स्कॅनरचे ट्वेन ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहेत. विंडोजबरोबर जो जुना सोर्स मॅनेजर येतो तोही ३२-बिटच. ६४-बिटचा मॅनेजर ट्वेन वर्किंग ग्रुपनं, म्हणजे हे मानक सांभाळणाऱ्या गटानं, खुला करून दिलेला आहे, पण तो तुमच्या इन्स्टॉलरनं बरोबर न्यावा लागतो.

परिणाम असा होतो. पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर व्हीबी-सिक्स या जुन्या भाषेतलं, म्हणजे ३२-बिट. त्यात स्कॅनिंग वर्षानुवर्षं चालतं. मग कुणीतरी ते मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेटमध्ये पुन्हा लिहितं, बिल्ड करताना (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवताना) काही खास सेटिंग करत नाही, आणि नवं सॉफ्टवेअर ६४-बिट कॉम्प्युटरवर ६४-बिट म्हणून उभं राहतं. स्कॅनर तोच, केबल तीच, ड्रायव्हर तोच, आणि यादी रिकामी! चूक दाखवणारा संदेशही येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं चूक काही झालेलीच नाही. ६४-बिट ड्रायव्हर शोधले, एकही मिळाला नाही, एवढंच. मग स्कॅनर बदला, विंडोज पुन्हा टाका, असे सल्ले सुरू होतात.

यावर रस्ते दोन. सोपा म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर ३२-बिटच ठेवणं. लहान संस्थेला यानं काही बिघडत नाही, फक्त मघाचा मेमरीचा हिशोब सांभाळावा लागतो. दुसरा रस्ता मला जास्त पटतो : स्कॅनिंगपुरता एक छोटा वेगळा ३२-बिट प्रोग्रॅम लिहायचा, मुख्य सॉफ्टवेअरनं तो सुरू करायचा, त्यानं पानं एका फोल्डरमध्ये टाकून ‘झालं’ एवढं कळवायचं. यात एक मोठा आडफायदा आहे. ड्रायव्हर कुणीतरी तिसऱ्यानं लिहिलेला असतो आणि कधी कधी तो कोसळतो. पोटात असेल तर तुमचं सॉफ्टवेअरही घेऊन कोसळतो, आणि कारकुनानं अर्धवट भरलेली पावती जाते. वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असेल तर तेवढाच मरतो. पुन्हा सुरू करा, काम पुढं.

डब्ल्यूआयएला हा त्रास नाही. तिथं ड्रायव्हर विंडोजच्या एका सेवेत (मागं सतत चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये) चालतो, तुमचं सॉफ्टवेअर बाहेरून तिच्याशी बोलतं. त्यामुळं ३२ की ६४ हा प्रश्नच उद्भवत नाही. कधी कधी तेवढ्या एकाच कारणासाठी डब्ल्यूआयए घेणं शहाणपणाचं ठरतं.

मागणं आणि मिळणं

नवशिका प्रोग्रॅमर स्कॅनरला हुकूम सोडतो : ३०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, चल. त्याच्या टेबलावरच्या मशीनवर ते चालतं आणि गडहिंग्लजच्या शाखेत चालत नाही. ट्वेनमध्ये हुकूम चालत नसतो, आधी विचारायचं असतं. प्रत्येक गुणधर्माबद्दल विचारता येतं : तू हे करू शकतोस का? काय काय चालतं? आत्ता काय लावलेलं आहे? उत्तरही तऱ्हेतऱ्हेचं येतं. डीपीआय विचारला तर एक स्कॅनर यादी देतो, १००, २००, ३००, ६००. दुसरा पट्टा देतो, ५० पासून ६०० पर्यंत, एकेकानं वाढत. तिसऱ्याकडं एकच आकडा असतो. सॉफ्टवेअरला हे सगळे प्रकार वाचता आले पाहिजेत.

आणि तुम्ही मागितलेलं जसंच्या तसं मिळेल याची हमी नाही. २५० मागितलं आणि मशीनला २५० जमत नसेल, तर काही ड्रायव्हर जवळचा आकडा लावतात आणि ‘तपासून घ्या’ असं एक वेगळं उत्तर देतात. ते ‘नाही’ नसतं, ‘हो’ही नसतं. बरेच प्रोग्रॅमर नाही नसेल तर हो समजून पुढं जातात. मग पानाची मापं चुकतात, छापताना मजकूर लहानमोठा येतो, आणि कारण सापडत नाही. मागितल्यावर पुन्हा एकदा ‘काय लागलं?’ विचारणं ही सवय लावून घ्यावी.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी फीडर की काच ते ठरवा, मग रंग, मग डीपीआय, मग कागदाचं माप. कारण कित्येक मशीनमध्ये फीडर निवडल्यावर चालणाऱ्या डीपीआयची यादीच बदलते.

ड्रायव्हरची स्वतःची खिडकी दाखवायची की लपवायची, यावरही मतं आहेत. दाखवली तर तुमचं निम्मं काम वाचतं, सगळी बटणं कंपनीनं करून ठेवलेली असतात. पण तिथं गॅमा, मोआरे, डिस्क्रीन असले शब्द असतात, आणि काउंटरवर गर्दी असताना कारकून ते वाचत बसणार नाही. त्याला ‘केवायसी’, ‘कर्ज प्रकरण’, ‘ठेवपावती’ अशी तीन बटणं द्या आणि प्रत्येकामागची सेटिंग तुम्ही ठरवा. ड्रायव्हरची खिडकी ‘अधिक’ नावाच्या बटणामागं असू द्या, कधीतरी लागतेच.

ट्वेनमध्ये सात अवस्था असतात. मॅनेजर उघडणं, सोर्स उघडणं, सोर्स चालू करणं, पान तयार, पान घेणं, अशा पायऱ्या चढत जायचं. उतरतानाही त्याच पायऱ्या, एकही न गाळता. मधेच कुणी खिडकी बंद केली आणि सॉफ्टवेअरनं थेट उडी मारली, तर ड्रायव्हरला वाटतं अजून काम चालू आहे. मग ‘स्कॅनर वापरात आहे’ असा संदेश येत राहतो आणि ऑफिसात एकच औषध ठरतं, मशीन बंद करून चालू करा.

फीडर नावाचं प्रकरण

काचेवर एक पान ठेवून घेणं सरळ आहे. पानांचा गठ्ठा फीडरमध्ये ठेवला की खरी परीक्षा सुरू होते. आत किती पानं आहेत ते स्कॅनरला बहुधा माहीत नसतं. ‘आणखी किती?’ असं विचारलं तर ट्वेन ड्रायव्हर उणे एक उत्तर देतो, म्हणजे ‘आहेत, पण किती ते सांगता येत नाही’. प्रत्येक पानानंतर विचारत राहायचं, शून्य आलं की थांबायचं. डब्ल्यूआयएमध्ये आणखी मजा. तिथं फीडर रिकामा झाला की चूक म्हणून संदेश येतो. पहिल्याच पानाला आला तर ती खरोखर चूक, कागद ठेवायचा राहिला. दहा पानांनंतर आला तर काम नीट संपलं. संदेश तोच, अर्थ दोन. हे न कळल्यामुळं दर वेळी काम पुरं झाल्यावर तांबडी पाटी दाखवणारी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत.

कागद अडकणं आणि दोन पानं एकदम ओढली जाणं, हे आपल्याकडं जास्त होतं. पावसाळ्यात कागद दमट असतात, सातबाऱ्याच्या पातळ प्रती एकमेकींना चिकटतात, पिनांची भोकं आणि घड्या असतात. महागड्या मशीनमध्ये दोन पानं एकदम गेली तर ओळखणारा अल्ट्रासॉनिक संवेदक असतो. असेल तर ती सूचना सॉफ्टवेअरनं चालू केलीच पाहिजे. नसेल तर मानवी उपाय : गठ्ठा ठेवण्याआधी कारकुनाला पानांची संख्या विचारायची, शेवटी आलेल्या पानांशी ताडून बघायची. एक छोटा रकाना, पण तारण कर्जाच्या फाईलमधून जामीनदाराच्या सहीचं पान गळालेलं दोन वर्षांनी कळण्यापेक्षा बरा.

अडकल्यावर काय करायचं, हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या समजुतीचा प्रश्न आहे. तेवीस पानं आली, चोविसाव्याला अडकलं. तेवीस पानं फेकून पहिल्यापासून करायला लावणारं सॉफ्टवेअर महिन्याभरात कुणी वापरत नाही. आलेली पानं ठेवा, ‘चोविसाव्यापासून पुढं ठेवा’ असं मराठीत सांगा, आणि शेवटी छोट्या प्रतिमांच्या पडद्यावर पानं फिरवता, हलवता, काढता येऊ द्या. स्कॅनिंगच्या सोयीतला सगळ्यात वापरला जाणारा भाग हाच पडदा असतो. माझ्या मते निम्मी मेहनत इथं घातली पाहिजे.

मशीन एकाच बाजूचं असेल तर आधी सगळ्या पुढच्या बाजू घेऊन, गठ्ठा उलटा करून मागच्या बाजू घेता येतात. तेव्हा मागची पानं उलट्या क्रमानं येतात. पहिल्या फेरीत १, ३, ५ आणि दुसरीत ६, ४, २. ती गुंफून देणं सॉफ्टवेअरला सोपं आहे, माणसाला कंटाळवाणं.

दोन्ही बाजू घेताना कोरी पानं खूप येतात. ती आपोआप काढण्याची सोय करता येते : कडा सोडून मधल्या भागात किती ठिपके काळे आहेत ते मोजायचं, ठरावीक टक्क्यापेक्षा कमी असले तर पान कोरं. पण पातळ कागदातून मागची शाई पुढं दिसते, तेव्हा कोरं पान भरलेलं वाटतं. उलट कधी पानाच्या पाठीवर कोपऱ्यात फक्त एक सही आणि तारीख असते, ते पान कोरं ठरतं. म्हणून आपोआप काढून टाकू नका, नुसती खूण करा. काढायचं की नाही ते माणूस ठरवेल.

काळं-पांढरं की रंगीत

जागा वाचवायची म्हणून सगळं काळं-पांढरं घ्यायचा मोह होतो. सीसीआयटीटी ग्रुप-४ नावाची आकुंचनाची पद्धत अशा पानांसाठी उत्तम आहे. छापील मजकुराचं पान बहुधा काही दहा केबीत बसतं आणि एक ठिपकाही हरवत नाही. चेक वटवण्याच्या देशव्यापी व्यवस्थेत, सीटीएसमध्ये, हेच वापरतात. चेकच्या पुढच्या-मागच्या बाजूंची २०० डीपीआयची काळी-पांढरी चित्रं, आणि जोडीला पुढच्या बाजूचं १०० डीपीआयचं करड्या छटांतलं चित्र.

आपल्या कागदांना मात्र ते नेहमी मानवत नाही. सातबाऱ्यावर जांभळा शिक्का असतो. काळ्या-पांढऱ्यात त्याचा गोळा होऊन खालची अक्षरं गिळली जातात. निळ्या पेनची फिकट सही गायब होते. मराठीची आणखी एक अडचण : अनुस्वार, रफार, अर्धचंद्र ही चिन्हं बारीक असतात, कमी डीपीआयला काळं-पांढरं करताना ती उडतात किंवा शिरोरेषेला चिकटतात. सही-शिक्क्याचे आणि हाताने लिहिलेले कागद करड्या किंवा रंगीत छटांत ३०० डीपीआयला घ्यावेत, आणि छापील पोटनियम, परिपत्रकं काळी-पांढरी.

रंगीत पानाला जेपीईजी लागतं. त्यात चित्राचा थोडा तपशील टाकून जागा वाचवलेली असते. पान उघडून, फिरवून, पुन्हा जेपीईजी म्हणून साठवलं की दर वेळी थोडा तपशील आणखी जातो. एकदाच साठवा. फिरवायचं असेल तर पीडीएफमध्ये ‘हे पान नव्वद अंशांनी दाखव’ एवढी नोंद करता येते, चित्राला हात लावावा लागत नाही. वाकडं पान सरळ करणं आणि काळ्या कडा कापणं या गोष्टी मात्र साठवण्याआधीच व्हाव्यात. पुष्कळ ड्रायव्हर ते स्वतः करतात, आधी त्यांना विचारा. दीर्घकाळ ठेवायच्या फायलींसाठी पीडीएफ/ए हा प्रकार आहे, २००५ पासून आयएसओचं मानक. पान दाखवायला लागणारं सगळं त्या फाईलच्या आतच असतं.

कुठं ठेवायचं

बरीच लहान सॉफ्टवेअर आपल्या नोंदी ठेवायला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. पान सरासरी ४०० केबी धरा, १० जीबीत पंचवीस हजार पानं. कर्जाची फाईल चाळीस पानांची धरली तर सहाशे-सव्वासहाशे फायलींत डेटाबेस तुंबला, आणि मग नवी पावतीही फाटेना. म्हणून चित्रं सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवा. डेटाबेसात सभासद नंबर, कागदाचा प्रकार, तारीख, फाईलचा पत्ता, कुणी स्कॅन केलं ते, आणि फाईलचा हॅश.

हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणितानं काढलेला एक आकडा. एक ठिपका बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. स्कॅन झाल्याबरोबर तो नोंदवून ठेवला की फाईल नंतर कुणी बदलली नाही हे दाखवता येतं. याला कायद्याचाही आधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा आकडा व तो कुठल्या पद्धतीनं काढला ते भरायचं असतं. तरीही स्कॅन झालं म्हणून मूळ गहाणखत आणि वचनचिठ्ठी रद्दीत घालू नका. आणि पुरासाठी स्कॅन केलं असेल, तर तो सर्व्हर आणि त्याची बॅकअप डिस्क दोन्ही त्याच तळमजल्यावर ठेवण्यात काय हशील, तेही संचालक मंडळाला विचारा.

आधारची प्रत घेत असाल तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकायची सोय त्याच पडद्यावर द्या. नुसती वर काळी पट्टी काढू नका, कारण पीडीएफमधली पट्टी कुणीही सरकवू शकतं. चित्रातले ठिपकेच काळे करायचे.

आता शोधण्याबद्दल. चित्रातून मजकूर ओळखायला टेसरॅक्ट हे फुकट साधन आहे. ते एचपीत १९८०च्या दशकात सुरू झालं, २००५ मध्ये खुलं झालं. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर चालतं, आणि त्याला मराठीही येते. ३०० डीपीआयच्या स्वच्छ छापील पानावर काम चांगलं होतं. हस्ताक्षरावर त्याच्या भरवशावर राहू नका, आणि करवीर संस्थानच्या काळातले मोडी कागद असतील तर त्यांची माहिती हातानंच भरावी लागेल. व्यवहारात नाव आणि सभासद नंबरवर शोधता आलं की नव्वद टक्के लोक खूश असतात, असं माझं निरीक्षण आहे. कारकुनाला थांबवून ओळखणं चालवू नका. पानं साठवली की ते काम मागं रांगेत सोडा, रात्री होऊ दे.

इतकं सगळं नको असेल तर एक आडवाट आहे. ऑफिसात मोठं कॉपियर मशीन असेल तर ते स्कॅन केलेली पीडीएफ थेट नेटवर्कच्या फोल्डरमध्ये टाकतं. तुमच्या सॉफ्टवेअरनं त्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं आणि नवी फाईल आली की ‘ही कुणाच्या खात्यात घालू?’ असं विचारायचं. ड्रायव्हर नाही, ट्वेन नाही, ३२-६४ नाही. फाईल दिसली की लगेच उघडू नका, मशीन अजून ती लिहीत असतं. पूर्ण उघडता येईपर्यंत थांबा. आणि जुन्या कॉपियरला फक्त एसएमबीची (नेटवर्कच्या फोल्डरमध्ये फाईल टाकायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती येत असेल तर फाईल पोचणारच नाही, कारण ती आवृत्ती २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोज-१० मध्ये मुळात बसवलेलीच नसते. सुरक्षेच्या कारणानं काढली आहे, ती पुन्हा चालू करून घेऊ नका. कॉपियरला एफटीपी किंवा ईमेल जमतं का पाहा.

सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं असेल तर ब्राउझरला यूएसबी स्कॅनर दिसत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटी सेवा बसवून पान तिच्यामार्फत घ्यावं लागतं. तयार विकत मिळणारी साधनं नेमकं हेच करतात.

तयार साधनांचं म्हणाल तर डॉटनेटसाठी एनट्वेन ही खुली लायब्ररी आहे. नॅप्स-२ हे फुकट स्कॅनिंग सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा गाभा प्रोग्रॅमरना वेगळा वापरता येतो. ३२-बिट ड्रायव्हरसाठी वेगळा प्रोग्रॅम चालवायची सोयही त्यात आहे. डायनॅमसॉफ्ट, लीडटूल्स यांची विकतची साधनं आहेत. शाखा अनेक आणि मशीन तऱ्हेतऱ्हेची असतील तर त्यांचे पैसे वसूल होतात. एका पतसंस्थेच्या एका स्कॅनरसाठी मी ते घेणार नाही.

चाचणीसाठी दहा स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही. ट्वेन वर्किंग ग्रुपचा एक नमुना ड्रायव्हर आहे, तो म्हणजे मशीनशिवायचा खोटा स्कॅनर. त्यावर मागणं-मिळणं, पायऱ्या चढणं-उतरणं, फीडरचं ‘आणखी आहे का’ हे सगळं लॅपटॉपवर बसून तपासता येतं. कागद अडकणं मात्र खऱ्या मशीनवरच तपासावं लागतं, त्यासाठी ज्या शाखेत बसवायचं तिथला सगळ्यात चुरगळलेला गठ्ठा मागून घ्या. जाताना इन्स्टॉलरसोबत नोंदवही (सॉफ्टवेअर आपोआप लिहितं ती फाईल) चालू ठेवा : ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती, ३२ की ६४, काय मागितलं, काय मिळालं, कुठल्या पानाला थांबलं. “स्कॅन होत नाही हो” असा फोन आला, की त्या नोंदवहीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवायचा. निम्म्या वेळा कारण पहिल्या दहा ओळींतच असतं.